पेंटरांनी न वाचलेलं पान

आमच्या भागातल्या निम्म्या पाट्या ज्यांच्या हातच्या, त्या पेंटरांना वाचता येत नव्हतं. हे मला कळलं ते माझ्याच पाटीमुळे. शाळेतून निवृत्त झाल्यावर मी घरात बसून माणसांच्या चुका काढायला लागले, तेव्हा सूनबाईनेच सुचवलं की आई, तुम्ही बाहेर काहीतरी सुरू करा. वाचनालयाच्या मागची खोली मिळाली आणि मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवायचं ठरलं. मी एका कागदावर मजकूर लिहून पेंटरांच्या दुकानात पाठवला. बुधवारी पाटी आली. पिवळ्यावर काळी अक्षरं, एकेक अक्षर घडवल्यासारखं. ‘प्रौढ साक्षरता वर्ग. रोज दुपारी चार ते पाच.’ आणि त्याखाली, तितक्याच देखण्या अक्षरांत, ‘घाई नाही, पण गुरुवारपर्यंत द्या.’

मी हसले. नुसती हसले नाही, तर वाचनालयाच्या पायरीवर पोट धरून हसले, आणि आतल्या ग्रंथपालाला हाक मारून ती पाटी दाखवली. पेपर वाचत बसलेले दोघेतिघेही उठून आले. पेंटर हातात खिळ्यांचा डबा घेऊन उभे होते. “चष्मा घरी राहिला, बाई,” ते म्हणाले. त्या पाटीचा एवढा मजकूर रंगवताना कुठला चष्मा घातला होता, असं मी विचारलं नाही, एवढीच माझी सभ्यता. खालची ओळ पुसून त्यांनी पाटी ठोकली. दुसऱ्या दिवशी चारला ते येऊन शेवटच्या बाकावर बसले. वय सदुसष्ट.

तेव्हाच माफी मागायला हवी होती. मी मनात म्हटलं, चला, पाटीने पहिला विद्यार्थी तर आणला.

पेंटरांची शाळा दुसरीत सुटली होती. वडील पाट्या रंगवायचे, त्यांचे हात कापायला लागले तसा ब्रश मुलाच्या हातात आला. अक्षर म्हणजे त्यांच्या लेखी एक चित्र. कागदावर जे असेल ते मोठं करून काढायचं, जाडी सगळीकडे सारखी ठेवायची, दोन अक्षरांमधली जागा डोळ्याने मोजायची. गिऱ्हाईक मजकूर आणून द्यायचं आणि मुलगी तो वाचून दाखवायची, काय घ्यायचं, काय गाळायचं ते सांगायची. ती चौथीत होती तेव्हापासून हे चालू होतं. आता ती दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते, चाळिशीला आली आहे, तरी रोज कामावर जायच्या आधी बापाचे कागद वाचून जाते. माझा कागद गेला त्या दिवशी तिची ड्युटी सकाळची होती, म्हणून ती ओळ पाटीवर चढली.

“तीस वर्षं तिने मला वाचून दाखवलंय,” पेंटर एकदा वर्ग सुटल्यावर मला म्हणाले. “एकदा मला तिला वाचून दाखवायचंय. तिला काही सांगू नका, बाई. तिला वाटतं मी इथे गप्पा मारायला येतो. एकदा तिच्यासमोर उभा राहून वाचीन, मग मेलो तरी हरकत नाही.”

“मरायची घाई करू नका, आधी बाराखडी होऊ दे,” मी म्हणाले.

माझी शिकवायची पद्धत माझी स्वतःची होती आणि मला तिचा फार अभिमान होता. मोठ्या माणसाला कमळ आणि बदक काय शिकवायचं? मी आयुष्यभर भूगोल शिकवला, मधूनमधून इतिहास. पहिल्या दिवशी मी खोलीच्या फरशीवर खडूने आपला भाग काढला. वर उत्तर, खाली दक्षिण, मधून मोठा रस्ता, त्याला फुटणाऱ्या अकरा गल्ल्या. प्रत्येकाने आपण राहतो तिथे एक खडा ठेवायचा. मग त्या खड्याशेजारी आपल्या गल्लीचं नाव लिहायचं. पहिलं अक्षर प्रत्येकाचं वेगळं. पंधरा दिवसांत भाजीवालीला ‘बाजार’ यायला लागलं आणि बँकेच्या रखवालदाराला ‘चौक’. तिसऱ्या महिन्यात आम्ही बाहेर पडायला लागलो, रस्त्यावर उभं राहून पाट्या वाचायला. त्यानंतर प्रत्येकाने आपल्या जागी पूर्वी काय होतं ते सांगायचं, मी ते लिहायचं आणि त्यांनी आपलंच बोलणं फळ्यावरून वाचायचं. वर्गात सात जण होते. सहा जण गेल्या दहा-पंधरा वर्षांत पोटासाठी इथे आलेले, त्यामुळे ‘पूर्वी’ म्हणजे त्यांना काही फार ठाऊक नव्हतं. इथेच जन्मलेले एकटे पेंटर. मी स्वतः लग्न होऊन इथे आले, पण भागाचा इतिहास मला पाठ आहे असं मी धरून चालले होते.

गल्लीतली पहिली पाटी पेंटरांनी वाचली तो दिवस मला लख्ख आठवतो. पाटी कोपऱ्यावरच्या भिंतीवर, उन्हाने थोडी विटलेली. त्यांनी बोट हवेत धरलं आणि अक्षर अक्षर लावत गेले. “लो. हा. र. लोहार. ग… ल्ली. लोहार गल्ली.” भाजीवालीने टाळ्या वाजवल्या. पेंटरांचा चेहरा मात्र खुलला नाही. त्यांनी गल्लीत पाहिलं, मागे वळून पलीकडच्या गल्लीकडे पाहिलं, पुन्हा पाटीकडे पाहिलं.

“बाई, ही तर विहिरीची गल्ली,” ते म्हणाले.

“पेंटर, डोळ्यांनी वाचा. डोक्यातलं सांगू नका.”

“अहो, पण विहीर इथे होती. माझी आई इथून पाणी भरायची. लोहार पलीकडच्या गल्लीत.”

माझ्या नाकावर राग असतो हे सगळ्यांना माहीत आहे. भर रस्त्यात मी त्यांना आठवण आणि पुरावा यांतला फरक समजावून सांगितला. लहानपणी पाहिलेलं माणूस हवं तिथे नेऊन ठेवतं. लेखी असतं ते खरं. पाटीवर काय लिहिलंय? लोहार. मग लोहार. बाकीचे सहा जण मान हलवत होते, कारण मी आवाज चढवला की सगळेच मान हलवतात.

“पाटी तर माझ्याच हातची आहे,” पेंटर हळूच म्हणाले.

“मग झालं तर!” मी म्हणाले आणि पुढे चालू लागले.

वर्गाला वर्ष होत आलं तेव्हा वाचनालयाने आमची पुस्तिका छापायची ठरवली. ‘आपला भाग, आपली अक्षरं.’ सोळा पानं, पाचशे प्रती. प्रत्येक गल्लीचं एक पान, आणि प्रकाशनाच्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याने एक पान मोठ्याने वाचायचं. मजकूर विद्यार्थ्यांचाच असं आम्ही वर छापलं होतं. पान नऊ मात्र, लोहार आणि विहीर या शेजारच्या दोन गल्ल्यांचं मिळून, सगळं माझं होतं. लोहार गल्लीत मध्यावर दगडी गोल ओटा आहे, हातभर उंच, आतून भरलेला. मी लिहिलं की हा लोहारांचा ओटा, यावर गाडीची चाकं आडवी टाकून त्यांना लोखंडी धाव, म्हणजे कडं, चढवत असत. पलीकडच्या विहीर गल्लीत गटार खणताना लोखंडाचे तुकडे आणि काळी माती निघाली होती. मी लिहिलं की हे जुन्या रहाटाचे अवशेष आणि ही माती म्हणजे विहिरीतला गाळ. वाचनालयाचे अध्यक्ष म्हणाले, बाई, तुम्ही संशोधनच केलंत की. मी दोन दिवस त्या शब्दावर तरंगत होते.

पान नऊ पेंटरांना दिलं. सगळ्यांत चांगलं तेच वाचायचे, आणि त्यातलं एक वाक्य सोडलं तर जोडाक्षरं फारशी नव्हती.

प्रकाशनाच्या आठ दिवस आधी, दुपारी, पेंटर माझ्या घरी आले. धुतलेला शर्ट, हातात पुस्तिका, पान नऊमध्ये बोट. मी त्यांना खुर्ची दिली. ते टोकावर बसले.

“बाई, हे पान मी तीन दिवस लावून वाचलं. एकट्याने. हे चुकलंय,” ते म्हणाले. “चूक तुमची नाही. माझी आहे.”

मग त्यांनी सांगितलं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी नगरपालिकेच्या ठेकेदाराने त्यांना अकरा पाट्यांचं काम दिलं होतं. ठेकेदाराने यादी दिली, मुलीने ती वाचून दाखवली. पेंटरांनी यादीच्या क्रमाने पाट्या रंगवल्या आणि त्याच क्रमाने भिंतीला टेकवून वाळत ठेवल्या. त्यांची रीतच ती. पाचवी पाटी पाचव्या गल्लीला, सहावी सहाव्या. संध्याकाळी वारा सुटला, धूळ बसेल म्हणून बायकोने ओल्या पाट्या घाईने आत नेल्या. सकाळी ते पाट्या घेऊन निघाले तेव्हा मुलगी शाळेत गेलेली. पाचवी-सहावीची अदलाबदल झाल्याचं त्यांना कळणार कसं?

“तेव्हा कुणी बोललं नाही?”

“बोलले असतील. मी दुसऱ्या दिवशी बाहेरगावी कामाला गेलो, तो दोन महिन्यांनी आलो. तोवर पोस्टमननेही पाटीवरचंच धरलं होतं. जुनी माणसं गेली, भाडेकरू आले. मी त्या पाट्यांखालून हजारदा गेलो असेन, बाई. मला काय, पिवळ्यावर काळं. आता वाचता आलं आणि…” त्यांनी पान नऊवर बोट ठेवलं. “तो ओटा विहिरीचा काठ आहे. विहीर बुजवली तेव्हा मी स्वतः घमेल्याने माती टाकलीय. आणि पलीकडे निघालं ते लोहारांच्या भट्टीचं.”

ते जे सांगत होते ते खरं आहे, हे मला पहिल्या दोन मिनिटांत पटलं होतं. हे मी आज प्रामाणिकपणे लिहिते. हातभर उंचीच्या, आतून मातीने भरलेल्या गोल दगडी बांधकामाला बुजवलेली विहीर म्हणायला भूगोलाची बाई लागत नाही. शेंबडं पोरही सांगेल. मला दिसलं नाही, कारण मी पाटी आधी वाचली आणि जागा नंतर पाहिली. आणि मला हे भर रस्त्यात सांगणाऱ्या माणसाला मी गप्प केलं होतं.

लाज वाटायला हवी होती. राग आला. पाचशे प्रती छापून कपाटात पडल्या होत्या, अध्यक्षांनी निमंत्रणं वाटली होती, माझे जुने विद्यार्थी येणार होते.

“आता छापून झालंय. पुढच्या वेळी बघू,” मी म्हणाले. “तोपर्यंत हे कुठे बोलू नका.”

“पण वाचायचं मला आहे ना ते. माझी मुलगी येणार आहे. तिला सांगून ठेवलंय, अर्धा दिवस रजा टाक म्हणून. मला दुसरं पान द्या, बाई. कुठलंही द्या, आठ दिवसांत बसवतो.”

दुसरं पान देता आलं असतं. रखवालदार आनंदाने बदलून घ्यायला तयार झाला असता. पण माझ्या मनात काय होतं ते सांगते. पेंटरांनी स्वतःच्या तोंडाने, चारचौघांत पान नऊ वाचलं की प्रकरण कायमचं मिटतं. उद्या त्यांनी कुठे काही म्हटलंच, तर मला म्हणता येईल की तुम्हीच तर वाचलंत. म्हणून मी नाही म्हटलं. आणि ते तरीही बसून राहिले तेव्हा मी आणखी एक वाक्य बोलले.

“पेंटर, यात माझं काय जातंय? हे बाहेर पडलं तर लोक मला नाही, तुम्हाला हसतील. अख्ख्या गावाच्या पाट्या अडाण्याने उलट्यापालट्या लावल्या म्हणतील. तुमच्या मुलीला दवाखान्यात रोज ऐकून घ्यावं लागेल.”

त्यांनी पुस्तिकेतलं बोट काढलं. “तुम्ही म्हणाल तसं,” ते म्हणाले. चहा न घेताच गेले.

प्रकाशनाला खोली भरून माणसं उभी होती. अध्यक्ष बोलले, मी बोलले, जरा जास्तच बोलले. मग एकेक विद्यार्थी उठला. भाजीवालीने आपलं पान भाव सांगावा तशा खणखणीत आवाजात म्हटलं, लोक खूश झाले. रखवालदार दोनदा अडखळला, पण पोचला. मग मी पेंटरांचं नाव पुकारलं आणि कौतुकाने सांगितलं की हे आमच्या वर्गाचे पहिले विद्यार्थी. त्यांची मुलगी दुसऱ्या रांगेत होती, दवाखान्याच्या गणवेशातच आलेली. बाप वाचणार हे तिला तेव्हाच कळलं. तिने तोंडावर हात ठेवला.

पेंटर उठले. चष्मा चढवला, पान नऊ उघडलं. मुलीकडे पाहिलं, मग खूप वेळ पानाकडे. मी ओठांनी पहिला शब्द सुचवला. कुणीतरी खोकलं. त्यांचे डोळे ओळीवरून सरकत होते, ते मला स्पष्ट दिसत होतं. ते वाचत होते. मनातल्या मनात पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत त्यांनी ते पान वाचलं असणार. मग त्यांनी पुस्तिका मिटली.

“मला नाही येत वाचता,” ते म्हणाले.

अध्यक्ष लगेच म्हणाले, असू दे, असू दे, या वयात प्रयत्न केला हेच मोठं. लोकांनी त्या प्रयत्नासाठी टाळ्या वाजवल्या. मुलगी रांगेतून वाट काढत पुढे आली आणि तिने बापाचा दंड धरून त्याला खुर्चीवर नेऊन बसवलं, आजारी माणसाला नेतात तसं. तेवढ्या वेळात मी एक वाक्य बोलले असते तरी पुरलं असतं. ‘यांना वाचता येतं, हे पान खोटं आहे.’ एवढंच. मी पुस्तिका उचलली आणि पान नऊ स्वतः वाचलं. माझं वाचन शुद्ध आहे, सगळे म्हणतात. चाकांना धाव चढवण्याचं वर्णन लोकांना विशेष आवडलं.

नंतर मुलगी मला भेटली. डोळे लाल होते. “बाई, तुम्ही वर्षभर त्यांच्यासाठी एवढी मेहनत घेतलीत,” ती म्हणाली. “वाईट वाटून घेऊ नका. त्यांना आता झेपायचं नाही ते. मी आहे ना वाचायला.”

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

पेंटर वर्गात यायचे बंद झाले. त्यांचं बाक मी भिंतीला लावून ठेवलं. वर्ग चालू होता, पण फरशीवर खडूने गल्ल्या काढताना पाचवी आणि सहावी आली की माझा हात अडायचा, आणि नव्या विद्यार्थ्यांना मी त्या दोन गल्ल्यांबद्दल काही सांगायची नाही. दुरुस्तीची एक चिठ्ठी लिहून ठेवली होती, पाचशे प्रतींत चिकटवायला. ती पर्समध्ये घेऊन वाचनालयात तीनदा गेले आणि तीनदा तशीच परत आणली. घरात सूनबाई विचारायची, आई, हल्ली तुम्ही चिडत नाही, बरं नाही का? काय सांगणार? चोर कुणावर चिडणार?

अखेर एका संध्याकाळी मनाचा हिय्या केला आणि पेंटरांच्या घरी गेले. दुकान बंद होतं, शेजारी घराचं दार उघडं. पेंटर उंबऱ्याशी स्टुलावर बसून वर्तमानपत्र वाचत होते. बोट ओळीवर, ओठ हलताहेत, मधेच एका शब्दावर थांबून मागे जाऊन पुन्हा लावताहेत. माझ्या विद्यार्थ्यांपैकी इतकं सलग वाचणारा आजवर कुणी झाला नाही. मी समोरच्या बाजूला दिव्याच्या खांबापाशी थांबून पाहत राहिले. तेवढ्यात मुलगी कामावरून आली. ती वळणावर दिसताच त्यांनी पेपर घडी करून मांडीखाली सारला, आणि ती जवळ आल्यावर बाहेर काढून तिच्या पुढे धरला.

“काय म्हणतायत गं आज? वाच जरा.”

तिने खांद्यावरची पिशवीही उतरवली नव्हती. उभ्या उभ्या तिने वाचायला सुरुवात केली, आणि ते प्रत्येक ओळ पहिल्यांदा ऐकतोय अशा चेहऱ्याने ऐकत होते.

मी रस्ता ओलांडला. मुलीने मला पाहून खुर्ची आणली. मी बसले नाही. बसले असते तर बोलले नसते.

“तुझ्या वडिलांना वाचता येतं,” मी म्हणाले. “माझ्या वर्गात त्यांच्याइतकं चांगलं कुणालाच येत नव्हतं.”

तिने माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. पेंटरांच्या चेहऱ्यावरून तिला कळलं. बापाचा चेहरा वाचायची तिला तीस वर्षांची सवय.

“खरंच, बाबा?” ती म्हणाली. “मग त्या दिवशी का नाही वाचलंत? मी अर्धा दिवस रजा टाकून आले होते. का नाही वाचलंत?”

पेंटर माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. कुठे बोलू नका असं मी सांगितलं होतं, आणि त्यांनी शब्द दिला होता, तेव्हा उत्तर आता मला द्यायचं होतं. एवढंच त्या बघण्यात होतं. चिठ्ठी माझ्या पर्समध्ये होती. पर्स माझ्या हातात होती.

“गर्दीला घाबरले असतील,” मी म्हणाले.

पेंटरांनी मान खाली घातली.

“हो गं,” ते मुलीला म्हणाले. “घाबरलो.”

“चार मजले उंच शिडीवर चढून पाट्या ठोकल्यात आयुष्यभर,” ती डोळे पुसत म्हणाली, “आणि पन्नास माणसांना घाबरलात?” आणि ती हसायला लागली. पेंटरही हसले. मीही हसले.